शिखर म्हणजे अर्धी वाट



श्रावण लागला की आमच्या यवतमाळ भागातील दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येऊ लागतो. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले असतात आणि विचारताना आवाज थोडा खाली आणतात, कारण सोबत मुलगा किंवा सून बसलेली असते. "डॉक्टरसाहेब, यंदा माहूरला पायी जाऊ का?" आपण उत्तर देण्याआधीच शेजारच्या खुर्चीवरून उत्तर येते, "त्यांना तुम्हीच सांगा, नाही म्हणून. आमचं ऐकत नाहीत."

आजचा लेख या दोघांसाठी आहे, विचारणाऱ्यासाठी आणि काळजीपोटी नको म्हणणाऱ्यासाठीही. दोघांचेही थोडे बरोबर आहे. मात्र दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटलेली असते. दोघेही चढाचा विचार करतात. दम लागेल का, छातीत दुखेल का, शिखर गाठता येईल का, एवढेच त्यांच्या मनात असते. उताराचा विचार कोणीच करीत नाही. अनेक दिवसांची डोंगरवाट ज्येष्ठांना जिथे खरोखर जड जाते, ती जागा बहुतेक वेळा उतारावर असते.

वाट आपल्या ओळखीची

माहूर नांदेड जिल्ह्यात असले तरी यवतमाळकरांना ते परके वाटत नाही. यवतमाळहून आर्णीमार्गे निघालो की अरुणावती मागे पडते, पुढे धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपतो आणि डोंगर समोर उभा राहतो. हे सारे अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या घरात आहे. पायी जाणारे ते तीन-चार दिवसांत कापतात. पण तिथे पोहोचल्यावर चालणे संपत नाही. रेणुकामातेचा डोंगर, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर अशी तीन शिखरे आहेत. शिवाय रामगड या जुन्या किल्ल्याची ढासळती तटबंदी, बुरूज आणि खडकात कोरलेली पांडवलेणी आहेत. ज्याला हे सारे पायी पाहायचे असते, त्याला चढावे लागते, उतरावे लागते, पुन्हा चढावे लागते आणि पुन्हा उतरावे लागते. तेही तीन-चार दिवस चालून थकलेल्या पायांनी.

अलीकडे आपली मुले-नातवंडे परदेशातूनही अशीच छायाचित्रे पाठवतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात इंका लोकांनी पंधराव्या शतकात बांधलेले माचू पिक्चू हे दगडी नगर आहे. तिथे जाणारी जुनी पायवाट सुमारे ४३ किलोमीटरची असून ती साधारण चार दिवसांत चालतात. या वाटेवरची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे आणि प्रत्यक्ष माचू पिक्चू आहे सुमारे २,४३० मीटरवर. म्हणजे सर्वोच्च जागा दुसऱ्याच दिवशी मागे पडते. त्यापुढचे दोन दिवस काही छोटे चढ सोडले, तर वाट खाली खाली उतरत जाते, आणि तीही बऱ्याच ठिकाणी दगडी पायऱ्यांची. ज्या अवशेषांसाठी एवढी यातायात करायची, त्यांच्यापाशी माणूस पोहोचतो तो उतरूनच.

माहूर असो की माचू पिक्चू, शरीराचे गणित एकच आहे. शिखर म्हणजे अर्धी वाट.

उतारावर काय होते

चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. या कामाला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून हृदय आणि फुप्फुसे जोरात काम करतात. दम लागतो आणि आपण थांबतो. चढाची एक सोय अशी की तो आपली मर्यादा तिथल्या तिथे सांगतो.

उतार तसे सांगत नाही. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलून धरतो. गाडी घाट उतरते तेव्हा ब्रेक जसे काम करतात, तसेच हे आहे. यात दम फारसा लागत नाही, म्हणून "आता काय, उतारच आहे" असे म्हणत माणूस भराभर पावले टाकतो. पण ताणाखाली काम करणाऱ्या स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत असते. ती त्या दिवशी कळत नाही. दुखणे दुसऱ्या दिवशी वाढते आणि बहुधा दोन-तीन दिवसांनी सर्वाधिक होते. एका दिवसाच्या सहलीत हे दुखणे घरी आल्यावर सुरू होते, अंथरुणावर पडून सोसता येते. अनेक दिवसांच्या यात्रेत ते वाटेतच गाठते. दुखऱ्या, थकलेल्या मांडीने पुढचा उतार उतरावा लागतो, आणि तोल जाण्याची वेळ हीच असते.

गुडघ्यांचेही तसेच. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो जवळजवळ साडेतीनपट होतो. वजन सत्तर किलो असेल तर हा भार किती, याचा हिशेब आपणच करावा. पाठीवरच्या पिशवीचे वजनही त्यात धरावे. म्हणूनच मी सांगतो की ज्येष्ठांनी पाण्याची बाटली आणि औषधांची पुडी एवढेच जवळ ठेवावे, बाकीचे ओझे तरुणांनी घ्यावे किंवा गाडीत टाकावे.

एका गुरुजींची गोष्ट

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या पत्नी अर्धांगवायूने सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. गुरुजींनी ती सहा वर्षे त्यांच्या उशाशी काढली. पाठ धरून उठवणे, कूस बदलणे, भरवणे, औषधे देणे, सारे काही त्यांनी केले. बाई गेल्या तेव्हा गुरुजी एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यानंतर काही महिन्यांनी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, तिला माहूरला नेईन म्हणालो होतो, राहून गेलं. आता मी एकटा तरी जाऊन येतो. पण पायी." पुण्याच्या मुलाने फोनवर स्पष्ट नकार दिला होता.

मी त्यांना हात छातीशी धरून, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला आणि बसायला सांगितले, आणि घड्याळ लावले. तीस सेकंदांत ते नऊ वेळा उठले. पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाने किमान बारा वेळा उठावे, अशी अपेक्षा असते. गुरुजींना हृदयविकार नव्हता. रक्तदाब गोळीने ताब्यात होता. गुडघ्यांची झीज होती, पण वयाच्या मानाने बेताची. पाय मात्र गेले होते, आणि ते वयामुळे गेले नव्हते. सहा वर्षे ते चार भिंतींच्या आत होते. दुसऱ्याची सेवा करणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्यांना फार श्रम पडतात, पण चालणे सुटते आणि मांड्या हळूहळू वाळतात. घरातील रुग्णाची काळजी घेणाऱ्या माझ्या वाचकांनी हे वाक्य स्वतःसाठी वाचावे.

मी गुरुजींना हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "दत्तजयंतीला चार महिने आहेत. मांड्या तयार करा, मग बोलू," एवढेच सांगितले. मुलालाही फोन करून तेच सांगितले.

चार महिन्यांची तयारी

ही तयारी महाग नाही. एक खुर्ची, घरचा जिना किंवा देवळाच्या पायऱ्या आणि एक काठी पुरते. पण आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि ईसीजी एवढे पाहावे. गरज वाटली तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील. चालताना छातीत जडपणा येत असेल, दोन मजले चढताना मध्ये थांबावे लागत असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू झाला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, किंवा वर्षभरात विनाकारण पडण्याचे प्रसंग आले असतील, तर आधी त्या आजाराची व्यवस्था करावी. यात्रा पुढच्या वर्षीही असते.

पहिल्या महिन्यात रोज अर्धा तास सपाटीवर चालावे. चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवावा. त्याच महिन्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीचा व्यायाम सुरू करावा. खुर्चीवरून उठावे आणि बसताना मनात चारपर्यंत मोजत सावकाश बसावे. धपकन बसू नये. व्यायामाचा खरा लाभ या सावकाश बसण्यात आहे, कारण उतरताना मांडीला जे काम करावे लागते, तेच काम ती इथे करते. सुरुवातीला आठ वेळा, मग हळूहळू वाढवत बारा-पंधरा वेळा करावे.

दुसऱ्या महिन्यात जिना घ्यावा. कठड्याला हात ठेवून एक मजला सावकाश उतरावा आणि दमाने चढावा. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखतील. ते दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरले तर भिण्याचे कारण नाही. गुडघा सुजला, गरम झाला किंवा आत काही अडकल्यासारखे वाटले, तर थांबून दाखवावे. स्नायूंचा एक गुण असा की उताराची सवय त्यांना लवकर होते. आज ज्या उताराने मांडी दुखली, तोच उतार काही दिवसांनी पुन्हा उतरल्यास बराच कमी दुखवतो. म्हणून यात्रेपूर्वी उताराचा सराव झालेला असणे, हाच यात्रेतला सर्वांत मोठा विमा.

तोल सांभाळण्याचा सरावही याच महिन्यापासून करावा. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, ते पाहावे. न आल्यास भिंतीला बोट लावून रोज सराव करावा.

तिसऱ्या महिन्यात चालण्याचा वेळ वाढवून आठवड्यातून एक दिवस दोन-तीन तास चालावे. आणि चौथ्या महिन्यात एक गोष्ट अवश्य करावी. लागोपाठ दोन दिवस लांब चालावे. पहिल्या दिवशी कोणीही चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात, त्यावर यात्रेचा निर्णय घ्यावा. शेवटच्या आठवड्यात मात्र चालणे कमी करून पायांना विश्रांती द्यावी.

काठीबद्दलही थोडे सांगतो. काठी जमिनीला टेकवून उभे राहिले असता तिची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी. एक गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे एवढे पाठ केले तरी अर्धे काम होते. काठी धरण्यात कमीपणा मानू नये. डोंगर चढणारे तरुणसुद्धा आता दोन-दोन काठ्या घेऊन चालतात.

उपवास, अनवाणी पाय आणि गोळ्या

आपल्याकडील यात्रेला श्रद्धेची जोड असते, आणि तिचा आदर ठेवूनच काही गोष्टी सांगायला हव्यात.

नवरात्रात चालणाऱ्यांपैकी अनेकांचा नऊ दिवसांचा उपवास असतो. मधुमेह असलेल्यांनी उपवास आणि लांबचे चालणे ही दोन्ही व्रते एकाच वेळी घेऊ नयेत. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसतानाही साखर खाली आणतात. चालण्यामुळे ती आणखी खाली जाते. घाम, थरथर, भोवळ, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ वर फोन करावा. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवत नाही, म्हणून घामाकडे विशेष लक्ष ठेवावे. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे उपवास किंवा पाण्याची कमतरता असताना त्या धोक्याच्या ठरू शकतात. कोणती गोळी किती कमी करायची, कोणती थांबवायची, हे निघण्याच्या पंधरा दिवस आधी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने काही बदलू नये.

अनवाणी चालण्याचा नवस असेल आणि मधुमेह असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे की तो नवस देवीलाच परत करावा. तळपायाची संवेदना कमी झालेल्याला काटा टोचलेला कळत नाही, तापलेल्या डांबराने आलेला फोड कळत नाही, आणि त्यातून पाय गमावण्याची वेळ येते. पायऱ्यांपाशी वहाणा काढल्या तरी आईला तेवढे पुरते. नवे बूट मात्र यात्रेत प्रथमच घालू नयेत. महिनाभर वापरलेले बूट आणि सुती मोजे असावेत आणि रोज रात्री कोणीतरी दिव्याच्या उजेडात दोन्ही तळपाय पाहावेत.

तिसरी गोष्ट दुखण्याच्या गोळ्यांची. संध्याकाळी गुडघे ठणकले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची पट्टी येते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारखे औषध चालू असेल, अंगातले पाणी घामाने कमी झाले असेल आणि वरून ही वेदनाशामके घेतली, तर मूत्रपिंडे एकाएकी काम थांबवू शकतात. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्यावे, थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि पाय उशीवर उंच करून झोपावे. लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी गडद झाली आणि मांड्या असह्य दुखत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे, कारण उतारवयात तहान उशिरा लागते. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर मात्र प्रमाण आधी विचारून घ्यावे.

ऋतूबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आश्विनातले आपल्याकडचे ऊन ज्येष्ठांना मानवत नाही. श्रावणातल्या परिक्रमेत वाट निसरडी असते. मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, हवा थंड असते आणि तयारीला वेळही मिळतो. पहाटे उजाडताच निघून दहाच्या आत मुक्काम गाठावा. अंधारात महामार्गावरून चालू नये. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे, आणि अंगावर चमकणारा पट्टा असावा. वाटेवर डोंगरापेक्षा ट्रकचे भय अधिक आहे.

माहूरचे डोंगर हजार मीटरचीही उंची गाठत नाहीत, त्यामुळे विरळ हवेचा त्रास तिथे होत नाही. मुलांनी आपल्याला पेरू किंवा हिमालयात नेण्याचे ठरवले, तर गोष्ट वेगळी. साधारण २,५०० मीटरच्या वर हवेच्या विरळपणाचा त्रास सुरू होऊ शकतो. माचू पिक्चूला जाणारे लोक ज्या कुस्को शहरात उतरतात, तेच सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे दोन-तीन दिवस थांबून शरीराला सवय होऊ द्यावी लागते. डोकेदुखी, मळमळ, बसल्या जागी दम लागणे, तोल जाणे ही लक्षणे दिसली तर वर जाऊ नये. लक्षणे वाढली तर ताबडतोब खाली यावे. आणि ज्यांना चालणे शक्य नाही त्यांच्यासाठी पायथ्याच्या गावापर्यंत रेल्वे आणि तिथून वर बस आहे, जसा आपल्या दत्तशिखरावर मोटारीचा रस्ता आहे. वाहनाने गेलेल्याचे दर्शन उणे ठरत नाही.

मागे फिरणे

माहूरच्या इतिहासात एक बाई होऊन गेली. माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई, जिला औरंगजेबाने रायबागन हा किताब दिला. १६६१ साली कारतलबखानाचे मोगल सैन्य सह्याद्री उतरून कोकणात निघाले आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडले, तेव्हा ती त्या सैन्यात होती. पाणी नाही, वारा नाही, पुढे-मागे वाट नाही, अशा स्थितीत तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो ऐकला आणि सैन्याचे प्राण वाचले. शूर म्हणून किताब मिळवलेल्या बाईला मागे कधी फिरायचे हेही कळत होते.

ज्येष्ठांच्या यात्रेत हे शहाणपण आधीच ठरवून ठेवावे लागते, कारण वाटेत भीड पडते. निघण्यापूर्वी सर्वांनी बसून ठरवावे. छातीत जडपणा, विश्रांती घेऊनही न थांबणारा दम, भोवळ, बोबडे बोलणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, उन्हात अंग तापून बुद्धीला भ्रम होणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८. तळपायाला जखम, सुजलेला गुडघा, सकाळी पायरी उतरता न येणे, यांपैकी काही असेल तर त्या दिवशीचे चालणे बंद. याबाबत मतदान होणार नाही, आणि थांबलेल्याला कोणी टोमणा मारणार नाही.

माझ्या एका बहात्तर वर्षांच्या मधुमेही रुग्ण काकू धनोड्याच्या पुलापर्यंत चालत गेल्या. तिथे टाचेला फोड दिसला. समोर डोंगर दिसत होता, सोबतच्या बायका म्हणाल्या, "एवढं आलो, आता काय उरलं!" काकूंनी पुलाला नमस्कार केला आणि त्या एसटीत बसल्या. दर्शन बसनेच झाले. फोड दहा दिवसांत भरला. त्या आजही रोज सकाळी चालतात. माझ्या हिशेबी त्यांची यात्रा पूर्ण झाली.

घरच्यांसाठी

आई-बाबांना नको म्हणणे सोपे असते, पण त्या नकाराचीही किंमत असते. न चालणारा माणूस सुरक्षित राहतो, असे नाही. तो हळूहळू खुर्चीतून उठेनासा होतो, आणि मग घरातल्या न्हाणीतच पडतो. म्हणून नकाराऐवजी अटी घालाव्यात. तपासणी करा, चार महिने तयारी करा, एक तरुण माणूस सतत सोबत असू द्या, औषधांची यादी आणि फोन क्रमांक खिशात असू द्या, गाडी कुठे भेटेल ते ठरलेले असू द्या. अट मान्य होणे आणि पाळली जाणे, यातच ज्येष्ठांची तयारी दिसते. पाळली गेली नाही तर नकार आपोआप होतो, आणि तो आपल्याला द्यावा लागत नाही.

घरात अंथरुणावर रुग्ण असेल आणि त्याची सेवा एकच व्यक्ती करीत असेल, तर त्या व्यक्तीला दिवसातून अर्धा तास बाहेर चालायला मिळेल अशी व्यवस्था बाकीच्यांनी करावी. शेजारी बसायला कोणीतरी लागते, एवढेच. ते कोणीतरी आपण व्हावे.

गुरुजींनी चार महिने नेमाने तयारी केली. मार्गशीर्षात पुन्हा खुर्चीची परीक्षा घेतली तेव्हा ते तीस सेकंदांत चौदा वेळा उठले. मुलगा पुण्याहून रजा काढून आला आणि सोबत चालला. वाट चार दिवसांची होती, पाचवा दिवस शिखरांसाठी राखला होता. रेणुकामातेच्या पायऱ्या उतरताना त्यांनी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हातात काठी धरली होती. घाई करणाऱ्या मुलाला ते म्हणाले, "सावकाश. डॉक्टरांनी मोजायला सांगितलंय." परत आल्यावर दोन दिवस मांड्या दुखल्या. तिसऱ्या दिवशी ते बाजारातून भाजी घेऊन आले.

यात्रेहून आल्यावर लगेच अंथरूण धरू नये. दुसऱ्या दिवसापासून घराभोवती थोडे थोडे चालावे, पोटभर आणि डाळी-कडधान्यांचे जेवण घ्यावे, झोप पुरी करावी. एकच पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर ती चोळू नये, लगेच दाखवावी. आठवड्याने रक्तदाब आणि साखर तपासून औषधांची मात्रा पूर्ववत करून घ्यावी. आणखी एक गोष्ट. मोठे काम पार पडल्यावर काही दिवस मन रिकामे वाटते, विशेषतः ज्यांनी ते कोणाच्या आठवणीसाठी केलेले असते त्यांना. हे स्वाभाविक आहे. खुर्ची आणि जिना तेव्हाही सोडू नये. ज्या स्नायूने डोंगर उतरवला, तोच स्नायू आपल्याला पलंगावरून उठवतो, एसटीच्या पायरीवरून उतरवतो, रात्री न्हाणीपर्यंत नेऊन आणतो.

ज्यांना यंदा जायचे आहे त्यांनी आज संध्याकाळीच भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवावी आणि तीस सेकंद मोजावेत. ज्यांना कुठेच जायचे नाही त्यांनीही मोजावेत. आकडा वहीत लिहून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा पाहावा.